एरंडोलची यशोदा

एरंडोलच्या अक्कांची ती घटना आजही आठवते. संध्याकाळी एकटाच जेवायला बसलो की हटकून आठवते.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. मी एरंडोल ठाण्याचा प्रभारी होतो. बायको नुकतीच गेलेली, मुलगी सासरी. सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि माझा रेडिओ. एका सकाळी ठाणे अंमलदारानं एका म्हातारीला आत आणलं. "साहेब, देवाचा फोटो चोरीला गेलाय म्हणते. नुसती एन.सी. नोंदवून वाटेला लावू का?"

म्हातारी माझ्याकडे बघून अहिराणीत म्हणाली, "भाऊ, मनी यशोदा लई गयात. घरमा दुसरं कोनी नई शे."

ते शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. माझ्या तरी घरात कोण होतं? अंमलदाराला म्हणालो, "गुन्हा दाखल कर, गपगुमान."

अक्कांचे सासरे धुळ्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेब विलायतेला जाताना ते जुनं रंगीत चित्र त्यांना देऊन गेला. आई, मांडीवर बाळ, बाळाच्या हातात लाल फळ. घरानं तिला यशोदा मानलं. पुढे अक्कांचा नवरा गेला, एकुलता एक मुलगा तापानं गेला. राहिली ती यशोदाच. चोरीच्या आधी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी चित्र विकत मागायला आला होता. अक्कांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

खबर जळगावहून आली. तिथल्या एका लॉजचा मॅनेजर माझा जुना माणूस. "साहेब, एक गिऱ्हाईक खोली झाडू देत नाही, अन् सारखा कापूस मागतो. जखम तर कुठं दिसत नाही." पंच घेऊन छापा घातला. तोच व्यापारी सापडला, चित्रही सापडलं. पण देवघरातल्या चित्रावर असावं तसं कुंकू नाही, काजळी नाही, चौकटही नवी.

व्यापारी मोठा गोडबोल्या. "साहेब, हे मी गोव्यात घेतलं. आई आणि बाळ, अशी चित्रं युरोपात ढिगानं निघाली. म्हातारीचं ते हेच, कशावरून?" दमदाटी करून काय होणार? अक्कांनी ओळखलं होतं, पण कोर्टाला पुरावा लागतो.

मुंबईहून युरोपीय चित्रांच्या एक जाणकार बाई बोलावल्या. मुद्देमाल खोलीतून चित्र काढून व्हरांड्यात टेबलावर ठेवलं. बाईंनी भिंग लावलं. "इटलीचं आहे, तीनेकशे वर्षांपूर्वीचं. मोठ्या चित्रकाराच्या शिष्यांचं काम. बाळाची बोटं बघा, लाकडाची वाटतात. आईचा चेहरा मात्र गुरूचा स्वतःचा असावा. छातीठोक सांगता येणार नाही." मग त्या थबकल्या. "अहो, बाळाच्या ओठांवरच्या भेगांमध्ये काहीतरी तेलकट मुरलंय. वर्षानुवर्षांचं. बाकी कुठेच नाही."

मी लगेच जीप काढली. अक्कांना एवढंच विचारलं, "चित्राची पूजा कशी करायच्या?"

"कुंकू लावस, दिवा लावस. अन् गोकुळाष्टमीले पोऱ्याना व्होटले लोनी."

हे ऐकवल्यावर व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "कापसानं कुंकू पुसलं मी," तो पुटपुटला. "तोंडाचं लक्षातच आलं नाही."

जाताना बाईंनी चित्राचा अर्थ सांगितला. ते फळ डाळिंब. हा मुलगा पुढे क्रुसावर मरणार, त्याची ती खूण. आईला ते ठाऊक आहे, म्हणून तिचे डोळे असे उदास.

कोर्टाच्या हुकमानं चित्र अक्कांना परत मिळालं. पोचवायला मी स्वतः गेलो आणि राहवलं नाही म्हणून तो अर्थही सांगितला. अक्कांनी चित्र दाराच्या उजेडात धरलं.

"माले वाटे, पोऱ्या जेवस नई म्हनीसन ती उदास शे," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्याना येळे माले तं काहीच माहीत नव्हतं, भाऊ. हाई बिचारीले आधीपासून माहीत शे."

मग डोळे पुसून त्यांनी मला जेवायला बसवलं. कित्येक महिन्यांनी मी कोणाच्या तरी समोर बसून जेवलो.

चित्र कोणाच्या हातचं, हे बाईंनी सांगितलं. कोणाच्या मालकीचं, हे मी सिद्ध केलं. ते कोणाच्या सोबतीला आहे, हा प्रश्न मात्र कुठल्याच पंचनाम्यात नसतो. तेव्हापासून फिर्यादीला मी आधी विचारू लागलो, घरी कोण आहे?

पुढच्या गोकुळाष्टमीला मुद्दाम वाट वाकडी करून अक्कांकडे गेलो. बाळाच्या ओठांना लोणी लावलेलं होतं. या वेळी आईच्याही.