आचलचं 'काहून'

आचल आपटली त्या दिवशी तिच्यापेक्षा मीच जास्त चिडले होते. आपटली म्हणजे जिन्यावरून नाही, पीएच.डी.च्या समितीसमोर. मला राग पटकन येतो. वकिलाच्या घरात वाढलेय, समोरच्याचं म्हणणं खोडून काढल्याशिवाय जेवण पचत नाही. आचलला मात्र राग येत नाही, तिला प्रश्न पडतात. त्या दिवशी तिला एवढा मोठा प्रश्न पडला होता की ती अमरावतीच्या उन्हात टोपी न घालता बसस्टँडपर्यंत चालत गेली.

आम्ही दोघी एकाच विभागात संशोधन करतो, आमची टेबलंही लागून आहेत. ती नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यातली, नत्थुजी आणि दुर्गाबाईंची थोरली. तालुक्याच्या शाळेतली चांगली नोकरी सोडून इथं आली. तिचा विषय ऐकून माझी आई हसली होती. उन्हाळ्यात कुरोड्या, म्हणजे गव्हाच्या कुरडया, करायला बाया एकमेकींच्या घरी जातात, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे, त्या रितीवर आचलला प्रबंध लिहायचा होता. तिचं गृहीतक साधं होतं: घरात कुरोडीची मशीन आली की ही रीत मोडते.

आराखड्यात 'सैद्धांतिक आधार' असं एक प्रकरण लागतं. आचलनं त्याखाली चौदा जुनी संशोधनं ओळीनं मांडली. सगळ्यात वर बाळापूर तालुक्यातल्या गावांवरचा एक प्रबंध होता. मशीन आली तिथं बायांचं जाणं-येणं कमी झालं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मला तर हे प्रकरण भक्कम वाटलं. चौदा साक्षीदार असल्यावर खटला कोण हरतो?

समितीत अकोल्याचे हरिहर सर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून येतात. आवाज मऊ, पण माणूस एक शब्द सोडत नाही. ते म्हणाले, "ह्यात कुणाला काय दिसलं ते आहे. तसं का दिसलं, ते कुठं आहे?"

"सर, सगळ्यांनाच तसं दिसलंय," आचल म्हणाली.

"चौदा जणांनी सांगितलं की वांगं खाल्लं आणि अंगाला खाज सुटली. तुम्हाला सुटेल का?"

आचलनं चौदा नावांच्या यादीवर बोट ठेवलं.

"का सुटते ते माहीत असेल तर सांगता येईल. नाही तर चौदा काय आणि चारशे काय. मागचं संशोधन हा तुमचा शेजारी आहे, त्याच्या भिंतीवर आपलं छप्पर टाकू नका." पुढच्या बैठकीत शेवटची संधी द्यायचं ठरलं. तेव्हाही जमलं नाही तर नोंदणी रद्द होणार आणि जागा दुसऱ्याला मिळणार. शाळेतली नोकरी तर आधीच गेली होती.

वैशाखात ती मला म्हणाली, "चाल माह्या गावाले. माय कुरोड्या करून राहिली." मी गेले, कारण गरम चीक मला फार आवडतो.

दुर्गाकाकूंनी पहाटेच चुलीवर भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजायला टाकला होता. उन्हं यायच्या आत अंगणात बाजा मांडल्या होत्या, त्यावर धुतलेली लुगडी अंथरली होती आणि बाया सोऱ्या घेऊन येत होत्या. सगळ्यात आधी कोण आली? माणिकबाई. अख्ख्या आळीत कुरोडीची मशीन फक्त तिच्याच घरी आहे. मशीन घरी ठेवून ती काखेत हातानं दाबायचा सोऱ्या घेऊन हजर.

आचलच्या हातातला पाट तसाच राहिला. लहानपणापासून दरवर्षी ती ह्याच अंगणात बसत आली होती, पण माणिकबाईचा सोऱ्या तिला त्या दिवशी दिसला.

"मावशी, तुमच्या घरी मशीन हाय ना? मंग तुमी हातानं कराले काहून आल्या?"

"लाइट नाई वं," माणिकबाई बिनदिक्कत म्हणाली. मागं ओसरीवर दुर्गाकाकूंचा पंखा गरगरत होता. आम्ही दोघींनी पंख्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. बाकीच्यांना माणिकबाईच्या मशीनचं विचारलं, तर दुसरी म्हणाली मशीनची कुरोडी जाड येते, तिसरी म्हणाली मशीन धुवायचा कंटाळा. एकीचंही कारण दुसरीशी जुळेना. पण सगळ्या खुशीत होत्या, आणि अर्ध्या तासात आळीतली कोणतीही गोष्ट गुपित राहिली नाही.

आचलनं मला हाताला धरून गोठ्यामागं ओढलं. तिच्या बोटांना चीक लागलेला, तो माझ्या मनगटाला चिकटला.

"मैथिली, मशीन काम वाचवते. पन ह्या कामासाठी येतच नाईत. घरातून उठून चार जनीत बसाले दुसरी जागाच नाई त्याइले. जिले जागा नाई ते येईन, मशीन असो का नसो. जिले दुसरी जागा हाय, ते येनार नाई."

"आणि बाळापूर?"

"बाळापूरच्या प्रबंधातच लिहेल हाय ना. मशीनवाली गावं हायवेवर होती. बाया रोज संगं कामावर जात. त्याइले बसाले जागा भेटली, म्हनून कुरोड्या सुटल्या. मशीन नुसती त्याच वक्ती आली."

मला ते पटलं. पण वकिलाची पोर, सहज कशी मानणार? "हे तू आत्ता, ह्या गोठ्यामागं बनवलंस."

"हो ना. कोनाले काय दिसलं ते वाचता येते. काहून दिसलं, ते आपल्यालेच बनवा लागते. आता खरं का खोटं, ते पाहू. उद्या पार्बताबाईकडे कुरोड्या हायेत. कोन येईन ते आजच सांगतो."

माणिकबाई येणार. वर्षाली येणार नाही. वर्षालीकडे मशीन नाही, पण ती अंगणवाडीत काम करते, रोज गावभरच्या बाया तिला भेटतात. जुन्या गृहीतकाप्रमाणे वर्षाली यायला हवी आणि माणिकबाई नको. आचलचा अंदाज नेमका उलटा होता. रात्रभर मी परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तशी तळमळले, आणि ती मात्र घोरली.

सकाळी पार्बताबाईच्या अंगणात पाऊल टाकलं. माणिकबाई होती, आणि तिच्या शेजारी मांडी घालून वर्षालीही होती.

माझं तोंड पडलं. आचल मात्र कपाळावर हात मारून हसायला लागली. "चुकलं. मैथिली, साफ अर्धं चुकलं."

"मग नाचतेस कशाला?"

"आधी चौदा जनाइच्या मागं लपून होतो मी. तवा चुकलं असतं त त्याइचं चुकलं असतं. हे माहं हाय, म्हनून चुकता तरी आलं."

ती वर्षालीजवळ जाऊन बसली. वर्षालीची कुरोडी वाकडी पडली, तेव्हा पार्बताबाई म्हणाली, "हे कुरोडी हाय का घोरपड?" वर्षाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. अंगणवाडीत तिला सगळ्या 'मॅडम' म्हणतात, अदबीनं बोलतात. तिथं कुणी तिची टिंगल करत नाही. आचलनं माझ्याकडे पाहिलं आणि मला न सांगताच कळलं. नुसत्या चार बाया भेटून भागत नाही, बरोबरीच्या भेटाव्या लागतात. तिचा सिद्धांत चुकून आणखी धारदार झाला होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी तिच्या हाता-पाया पडले, की वर्षालीचं प्रकरण गाळ. स्वतःची चूक कोण लिहून देतं? तिनं ऐकलं नाही. नव्या आराखड्यात 'सैद्धांतिक आधार' ह्या प्रकरणात तिचं कारण होतं, चौदा संशोधनं वेगळ्या प्रकरणात गेली होती, आणि वर्षाली तिच्या नावाशिवाय, पण पूर्ण, मधोमध होती.

हरिहर सर शांतपणे वाचत होते. "बाळापूरच्या निष्कर्षाच्या विरुद्ध गृहीतक मांडलंय तुम्ही."

"त्यांना दिसलं ते खरंच आहे सर. फक्त कारण मशीन नसावं."

"तो प्रबंध माझ्याच विद्यार्थिनीचा आहे. मार्गदर्शक मी होतो."

मी मनात म्हटलं, संपलं, गेली नोंदणी.

"आम्ही घरोघरी मशिनी पाहत फिरलो," ते सावकाश म्हणाले. "कामावरून येताना बाया कुठं थांबतात, हे कुणी विचारलं नाही. आणि तुमचं हे कारणही चूक ठरलं तर?"

घाईत आचलच्या तोंडून गावाकडची बोली निघाली. "तर त्या अंगणवाडीच्या बाईसारखं कोनी तरी येऊन बसनच सर. मंग काहून बसलं ते पुसू."

हरिहर सर हसले. मग पेन काढून सही केली आणि म्हणाले, "बाळापूरलाही जाऊन पुसा. पत्ते मी देतो."

बाहेर आल्यावर मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा वाकला. तिनं आधी फोन लावला तो घरी. दुर्गाकाकूंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पास झाली का? बरं झालं, माय. उद्या माणिकबाईकडे गव्हाचे सरगुंडे वळाचे हायेत. सांगू का, कोन कोन येऊन राहिलं?"

"थांब माय," आचल घाईनं म्हणाली. "तू सांगू नोको. मी सांगतो."