दारफळणीची खोटी तारीख

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिची पांढरी साडी पिळणं. बरकतपुऱ्याच्या घराची गच्ची, ऊन उतरलेलं. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं.

"नीळ किती घातलीत! आभाळाला नेसवायचीय का?"

"तू पिळ गप."

पेटीत धूळ बसली म्हणून धुतली, म्हणाली. पांढरे कपडे आम्ही दारफळणीला घालतो. आम्ही बेने इस्राएल. नवं वर्ष लागलं की दहाव्या दिवशी आमचा मोठा उपास. आदल्या संध्याकाळी दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. आत बसून देवाची माफी मागायची. पण त्याआधी माणसांची. बायकोनं नवऱ्याची, नवऱ्यानं बायकोची. ते राहिलं तर देव ऐकत नाही, असं माझी आई सांगायची.

सण चंद्रावर. तारीख दर साली बदलते, कधी अख्खा महिना अधिक धरतात. इथं आमच्यातलं दुसरं घर नाही, आम्हाला सांगणारं कोण? कोपऱ्यावर नवीन एसटीडी बूथ निघाला होता, तिथून मी ठाण्याला मेहुण्याला विचारायचो.

तिला साखर. मागल्या उपासाला चक्कर येऊन पडली. डॉक्टर बोलला, "अम्माकू भूका नक्को रखो, चाचा." ती कुणाचं ऐकते? म्हणून त्या वर्षी फोन करून आलो आणि थाप मारली, "यंदा अधिक महिना. सगळे सण महिनाभर पुढं." उपासाचा दिवस टळून गेला की खरं सांगणार होतो.

"हौ का?" एवढंच बोलली.

साडीला पीळ देता देता म्हणाली, "वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

हे ती वर्षातून एकदाच बोलायची, दार लावायच्या आधी. आणि खरं दार त्याच संध्याकाळी लावायचं होतं. गच्चीवरून चंद्र बघून तिनं दिवस मोजले होते, हे मला तेव्हा कळलं. मीही माफी मागायला पाहिजे होती. पण मागितली की थाप उघडी पडणार, आणि ही जेवणार नाही. मी म्हणालो, "साडी नीट धर."

हसली. रात्री माझ्यासमोर बसून पोटभर भात खाल्ला. माझ्यासाठी खाल्ला, मला माहीत आहे.

सकाळी उठली नाही. हात लावला तर गार. उपास न करताच गेली.

मी आधी दार लावलं. तिच्या कानाशी बसलो, म्हणालो, तारीख खोटी सांगितली गं, माफ कर. दोनदा म्हणालो, त्या कानानं तिला कमी ऐकू यायचं. मग दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारली.