रिकामा पाळणा

वसईतल्या इंग्रजांच्या काळातल्या बंगल्याचं संग्रहालय झालं, तेव्हा किल्ल्या माझ्याकडे असायच्या. उमेळ्याची एक म्हातारी दर रविवारी यायची, चपला दाराशी काढायची आणि स्वयंपाकघराच्या दालनातला वरवंटा उचलून पाळण्यात निजवायची. पाळणा तिनेच संग्रहालयाला दिलेला. सोमवारी मी वरवंटा परत पाट्यावर ठेवायचे.

एकदा तिला हटकलं. ती म्हणाली, "बाय, पालना रिकामा ठेवू नये. सून पोटुशी हाय. दोनदा राहिलं नाय."

मला असल्या समजुती पटत नाहीत. पण वरवंटा मी हलवला नाही.

नात झाली. बारशाला पाळणा टेम्पोत चढवून दिला आणि जागेवर पाटी लावली, "दुरुस्तीसाठी पाठवला आहे." परत कधी येणार, ते लिहिलं नाही.