नवव्या चौकटीतला बुद्ध

"ये गं, हार घाल. तुझाच तर देव आहे," साहेब म्हणाले.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. तुर्भ्याच्या रंगाच्या कंपनीत मी टायपिस्ट होते. टेम्पररी. पर्मनंट करायचं चाललं होतं. दरवर्षी ऑफिसच्या सत्यनारायणाला मी काही निमित्त काढून सटकायची. त्या वर्षी साहेबांनी मुद्दाम पुढे बोलावलं. भिंतीवर दशावताराचं कॅलेंडर. नवव्या चौकटीत बुद्ध. त्याच्या कपाळाला ताजं गंध.

"आम्ही अवतार नाही मानत," मी पुटपुटले.

"मग काय मानता? तो होता की नव्हता, कुणी पाहिलंय? आमच्या पुराणात आहे म्हणून तरी आहे. उपकार समज."

सगळे हसले. प्यूनसुद्धा. हार टेबलावर ठेवून मी बाहेर आले. संताप त्यांचा आला होता, त्याहून जास्त स्वतःचा.

बाहेर आमचा टाइमकीपर आंतोन उभा होता, वसईचा ख्रिस्ती. त्याला विचारलं, "तुमचा येशू झालाच नाही असं कुणी म्हटलं तर?"

"तर माझं सगळंच बुडालं," तो म्हणाला. "तो खरंच मेला, खरंच उठला. तेच खोटं, तर आमी कुनाच्या भरवशावर मरायचं?"

मला त्याचा हेवा वाटला. माझं काय बुडेल, हेच मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी शिरवण्याच्या खोलीवर आईला विचारलं, "बुद्ध खरंच होता का गं?" ती भाकरी थापत होती.

"म्या कुटं बगाया गेल्ते? पर तुजा बाप गावची मेली ढोरं वढायचा. बुद्धाची दीक्षा घेतली आन् सोडलं. गावानं दाणापाणी तोडलं, तरी सोडलं. ते म्या बगितलं."

समाधान झालं नाही. पुरावा तर नव्हताच. पण उद्या कुणी सिद्ध केलं की बुद्ध नव्हता, तरी बापाने टाकलेला तो ढोरं ओढायचा दोर मी काही उचलणार नाही. मग अवतार म्हटलेलं इतकं का झोंबलं? तो त्यांचा नववा झाला, की त्याच्या मागोमाग आम्हीही पुन्हा त्यांच्याच दाराशी, वाढतील ते घ्यायला. तो होता की नव्हता, ते मी शोधीन. त्यांना विचारणार नाही.

सकाळी साहेबांच्या टेबलावर तो हार सुकून पडला होता.

"बुद्ध होता की नाही, मला सिद्ध करता येत नाही," मी म्हणाले. "पण तुमचा नववा तो नाही. हार मी घालणार नाही."

"मग पर्मनंटचं विसर."

"विसरले."

नोकरी गेली. घरात ओढाताण झाली, आईची बोलणीही खाल्ली. पण त्या चौकटीत मी त्याला बसू देणार नाही. आणि मीही बसणार नाही.