आत्या, "येते" म्हणाली होतीस

आत्या, तू चक्क खोटं बोललीस.

ऑपरेशनला आत नेताना निनादचा हात धरून म्हणालीस, "येते रे."

आणि आली नाहीस.

आज दहावा झाला, तरी मला नक्की काय वाटतंय तेच कळत नाहीये. रडू येतं. मग तुझाच राग येतो. मग निनादची काळजी वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निनाद माझा धाकटा भाऊ. ड्रग्ज घ्यायचा. हो, स्पष्ट लिहितेय, कारण आत्याला कुजबुज अजिबात खपायची नाही.

बाबांनी तिला पहिल्यांदा फोनवर सांगितलं होतं, "ताई, निनाद एमडीच्या नादी लागलाय गं."

"लागू दे की! पण बारावीला बायोलॉजी कुठे होतं त्याला?"

मला हसूच फुटलं. बाबा मात्र रडायला लागले, तेव्हा तिला कळलं की ही डॉक्टरांची एमडी नव्हे.

तो व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावर तिनेच फर्मान काढलं. "वाघोलीला नको. तिथे त्याचे सगळे 'मित्र' आहेत. बिबवेवाडीला माझ्याकडे पाठवा."

आमच्या घरी असताना आई त्याचे खिसे तपासायची. बाबा लोकेशन बघायचे. मी लेक्चर द्यायचे.

आत्याचा नियम एकच.

"कुठे चाललास ते विचारणार नाही. पण माझ्या दारातून कोणी 'जातो' म्हणून जायचं नाही. 'येतो' म्हणायचं. आणि यायचं."

बस, एवढंच. मला वाटलं, हिला प्रकरणाचा अंदाजच आलेला नाही.

एकदा तो घसरलाच. "येतो गं" म्हणून गेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. डोळे लाल, मान खाली. मी तिथेच होते. तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने मला नजरेनेच गप्प केलं.

"उशीर केलास. पण आलास. वरणभात खा, मग डॉक्टरांकडे जाऊ."

त्यानंतर त्याने हात लावलेला नाही. कसं जमलं, मला विचारू नका. औषधं होती, डॉक्टर होते, ग्रुपच्या मीटिंग्ज होत्या. आणि ही होती. यातलं काय लागू पडलं, देव जाणे.

आज घाटावर कावळा शिवेना. सगळे ताटकळले. काका म्हणाले, "निनाद, तिचा जीव तुझ्यात अडकलाय. पुन्हा कधी घेणार नाही अशी शपथ घे."

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर.

"शपथ नाही घेणार, काका. मला फक्त आजचं सांगता येतं." मग पिंडाकडे बघून म्हणाला, "घरी मात्र येत जाईन, आत्या."

कावळा आला. त्याला भूक लागली असेल. किंवा काय ते मला खरंच कळत नाही.

आम्ही सगळे अजून आत्याच्याच घरी आहोत. मगाशी निनादने चपला घातल्या आणि सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथे कोणी नव्हतं.

"ती पण 'येते' म्हणाली होती ना, ताई?"

तो 'येतो' न म्हणताच जिना उतरला.

थांबवायला हवं होतं का? फोन करू? की केला तर बिघडेल? आई म्हणतेय लोकेशन बघ. बाबा गॅलरीत उभे आहेत. तू असतीस तर काय केलं असतंस, आत्या? बहुतेक कुकर लावला असतास.

म्हणून मी कुकर लावलाय आणि हे टाइप करत बसलेय.

शिट्ट्या झाल्या. वाफही गेली.

खालचं गेट वाजलं.

"दूध संपलं होतं," दारातून सांगतोय. वर विचारतोय, "सगळे असे काय बघताय?"

काही नाही रे. हात धू, वरणभात वाढते.

आत्या, आता तू निवांत जा.

तो आलाय.