आसाराम सर आणि कलकत्त्याचा ठिपका

आसाराम सरांबद्दल आमच्या घरात कुणी वाकडा शब्द काढलेला मला खपत न्हाई. एकदा जेवता जेवता आमचे हे म्हणले, "तुझ्या सरांनी त्या दिवशी आपली पार फजिती केलती." मी वाढायला घेतलेली भाकरी तशीच हातात धरली आन म्हणलं, "केलती, न्हाई कोण म्हणतंय? पण घरात सून कुणामुळं आली ते बी बोला की!" मग त्यांनी ताट पुढं केलं. तवा मी भाकरी वाढली.

तर हे आसाराम सर मूळचे तलवाड्याचे. आई-बाप दर साली ऊसतोडीला जायचे, त्यामुळं ह्यांचं बालपण उसाच्या फडाशेजारी, पाचटानं शाकारलेल्या कोपीत गेलं. दहावीनंतर बीडला आले, टायपिंग शिकले आन कोर्टाच्या भिंतीला लागून लिंबाखाली टेबल टाकलं. आल्यागेल्याचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करून द्यायचे. पुढं आमच्या भांड्याच्या दुकानावरच्या माडीवर त्यांनी टायपिंगचा क्लास काढला, तवापासून आमची ओळख.

माणूस एकदम सरळ. शर्ट खोचलेला, खिशाला पेन, आवाज कधी चढायचा न्हाई. मला तर त्यांच्या संथपणाचा रागच यायचा. एक अक्षर चुकलं की अख्खा कागद काढून टाकायचे आन पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायची, "अहो सर, खोडा की जरा!" तर म्हणायचे, "ताई, गावाचं नाव चुकलं की अर्ज माघारी येतो. मग ते गरीब माणूस पुन्हा एसटीनं हेलपाटा घालतं." त्यांच्या कागदाच्या शेवटी नेहमी लिहिलेलं असायचं, वरील मजकूर खरा व बरोबर आहे. ते वाक्य त्यांच्या रक्तातच गेलतं म्हणा ना.

मग आलं कॉम्प्युटरचं वेड. गल्लीगल्लीत क्लास निघाले, टायपिंगच्या मशिनी भंगारात जायला लागल्या. सरांनी बी दोन जुने कॉम्प्युटर आणले. त्यात कॉम्प्युटर चालवायचा जो प्रोग्रॅम होता तो चोरीच्या सीडीवरून टाकलेला होता म्हणे, आन सारखा व्हायरस लागून बंद पडायचा. एक दिवस सर खाली दुकानात आले, हातात एक सीडी. तोंड नुसतं फुललेलं. ह्यांना म्हणले, "मल्लिनाथअप्पा, हिला लिनक्स म्हणतात. ही चोरीची न्हाई. लोकांनी वाटायसाठीच केलीय!" आमच्या ह्यांना काय कळतंय, ह्यांनी त्यांना चहा पाजला.

आता आमचा श्रीशैल. दोन वर्षाचा होता तवा त्याला ताप आला आन कान गेले. पण पोरगं हुशार. कर्णबधिरांच्या शाळेत शिकलं आन पुण्याला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायच्या कामाला लागलं. त्याचं कौतुक होतंच, पण माझा जीव तुटायचा. गल्लीतल्या बायका एसटीडीवर जाऊन पोरांशी बोलायच्या, हसायच्या, भांडायच्या. मी कुणाशी बोलू? फोन कानाला लावून त्याला काय ऐकू येणार? पत्र टाकावं तर जाऊन उत्तर येईपर्यंत बोलायचं काय होतं तेच मी विसरून जायची.

एकदा दुकानात बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांला पाणी आलं, ते सरांनी बघितलं. म्हणले, "ताई, तुमी मेल करायला शिका. त्याच्या छापखान्यात कॉम्प्युटर हायच."

"मी? सातवी झालेली बाई?"

"सातवीत एबीसीडी होती ना? बस झालं."

बस झालं म्हणले, पण आधी मला जुन्या मशीनवर बसवलं! ए एस डी एफ, ए एस डी एफ. किती दिवस तेच. मी वैतागले, म्हणलं, "मला काय कचेरीत नोकरी करायची हाय का, कावून छळायलाव?" सर हसले, पण मशीन सोडू दिलं न्हाई. बोटं बसली तवाच कॉम्प्युटरपाशी नेलं.

त्यांनी माझ्यासाठी एक प्रोग्रॅम काढून ठेवलता. इव्होल्यूशन त्याचं नाव, माझ्या तोंडात काय ते बसेना. पण होता झकास! एकाच खिडकीत सगळं. आलेली पत्रं इकडं, जायची तिकडं, लोकांचे पत्ते, कामाची यादी आन एक कॅलेंडर. फोनची लाईन एकच, आमच्या दुकानातली, तिचीच वायर माडीवर नेलेली. म्हणून आधी निवांत लिहायचं. लिहिलेलं पत्र बाहेर जायच्या पेटीत पडून राहायचं. मग सर वायर जोडायचे, कुंई कुंई आवाज यायचा आन पेटीतलं सगळं एका झटक्यात जायचं. तेवढा वेळ खाली दुकानाचा फोन बंद, आन ह्यांचा आरडाओरडा चालू.

तो प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू करताना त्यानं बऱ्याच गोष्टी विचारल्या. नाव विचारलं, सरांनी लिहिलं. मेलचा पत्ता विचारला, लिहिला. शेवटी जगाचा नकाशा आला, त्यावर बारीक बारीक ठिपके. तुमी कुठले ते सांगा म्हणे. सरांनी हिंदुस्थानावर बाण नेला, तर तिथं एकच ठिपका, कलकत्ता! बीड न्हाई, औरंगाबाद न्हाई, मुंबई सुद्धा न्हाई. सर किती तरी वेळ बघत बसले. मी म्हणलं, "दाबा की!"

"ताई, आपण बीडचे. कलकत्ता लिहिलं तर खोटं लिहिल्यागत होईल. त्यापरीस रिकामं सोडू. लिनक्स टाकताना बी असंच गाव विचारलं, तवा बी मी सोडूनच दिलं होतं."

घ्या. मला काय, मी म्हणलं सोडा.

पहिली मेल मी लिहिली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. बाळा, जेवलास का, मी तुझी आई, मी स्वतः लिहायले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आई, खरंच तू? खरंच तू लिहिलंस? कुणी लिहून दिलं का? मी माडीवर सगळ्या पोरापोरींसमोर ढसाढसा रडले. सरांनी खिडकीबाहेर तोंड केलं आन मला रडू दिलं.

तवापासून रोजचं झालं. पोरगं इतकं बोलतं हे मला तवा कळालं. मेसवाल्याच्या भाजीपासून मालकाच्या स्वभावापर्यंत सगळं लिहायचा. फक्त एक गोष्ट मला खटकायची. त्याच्या मेलवर वेळ असायची पहाटेचे पावणेचार. मी रागवायची, झोपत जा मेल्या, तब्येत बिघडंल. तो लिहायचा, आई मी झोपतो की. मला वाटायचं खोटं बोलतंय.

एक दिवस त्यानं शिवांजलीबद्दल लिहिलं. सोलापूरची, आपल्यातलीच, तिला बी ऐकू येत न्हाई. पुण्यात कर्णबधिरांच्या मेळाव्यात भेट झाली, दोघं एकमेकांना पसंत. आता तिच्या घरच्यांना आपलं घर बघायचंय. मी मेल वाचली आन खाली पळत येऊन ह्यांना सांगितलं. श्रीशैलसाठी आमी किती उंबरे झिजवलते, आन लोक काय काय बोललेते, ते मी इथं सांगत न्हाई. सांगितलं तर अजून बी टाळकं सरकतं. एवढंच सांगते, मी आशाच सोडली होती.

मग श्रीशैलचं मेलमधूनच एक आमंत्रण आलं, भेटीचा दिवस आन वेळ टाकलेलं. त्या प्रोग्रॅमची गंमतच होती, आलेलं आमंत्रण मंजूर केलं की आपोआप कॅलेंडरात जाऊन बसायचं. मी मंजूर केलं. कॅलेंडर उघडलं तर रविवारच्या खान्यात लिहिलेलं, शिवांजलीच्या घरचे, आपल्या घरी, सकाळी पाच.

पाच! हे म्हणले, "एवढ्या पहाटे कोण येतंय?" मी म्हणलं, "सोलापूरहून रातराणीनं येत असतील. बीडच्या स्टँडवर तवाच उतरायचे." पटलं की ह्यांना बी.

रविवारी पहाटे आमी आंघोळी करून, विभूती लावून तयार. माझी इरकल, ह्यांचा कडक धोतर-सदरा. उप्पीट झालं, शिरा झाला. पाच वाजले. सहा वाजले. रस्त्यावर रिक्षा वाजली की मी दारात. उजाडलं, दूधवाला येऊन गेला, उप्पीटाचा पार गोळा झाला. मुलीकडचा फोन नंबर आमच्यापाशी न्हवता, आन श्रीशैलला छापखान्यात काम होतं म्हणून तो आलेला न्हवता. आठ वाजले तवा हे धोतर बदलून दुकानाला निघाले. जाताना म्हणले, "आपल्या नशिबात न्हाई ते, सोड."

मला ते सहन झालं न्हाई. काय कमी हाय माझ्या लेकरात? यायचं न्हवतं तर कळवायचं होतं! मी तशीच इरकल नेसून माडीवर गेले. क्लास उघडा होता. कुणाशी न बोलता बसले आन दणादणा लिहिलं. ते लोक आलेच न्हाईत, त्यांना सांग, आमाला असली सोयरीक नको, पुन्हा तोंड दाखवू नका. पाठवायचं बटण दाबलं आन सरांना म्हणलं, "वायर जोडा. आत्ताच्या आत्ता गेलं पाहिजे."

सर दुसऱ्याच्या मेलचं एक अक्षर वाचायचे न्हाईत. पण माझं तोंड बघून विचारलं, "काय झालं ताई?" मी सगळं ओकले. पाच वाजता येणार होते, चार तास झाले, आमाला काय येडं समजतात का, सगळं.

"पहाटे पाचला?" सर म्हणले. "कॅलेंडर दाखवा."

दाखवलं. खरंच पाच. मग त्यांनी विचारलं, "श्रीशैल तुमाला मेल कवा लिहितो?"

"त्याचं नका सांगू. पहाटे पावणेचारला लिहितो, झोपत न्हाई मेलं."

"पहाटे? छापखाना कितीला उघडतो?"

"नऊला."

सर पडद्यावर वाकले. कॅलेंडराकडं बघितलं, मेलकडं बघितलं, बोटावर काहीतरी मोजलं. मग चष्मा काढला आन डोकं धरून खालीच बसले. "ताई, घोळ माझा हाय. पोरगं सव्वानऊला लिहितं. हे यंत्र विलायतेची वेळ दाखवायलंय, आपल्यापरीस साडेपाच तास मागं. तो नकाशा गाव विचारत न्हवता, घड्याळ विचारत होता. मी रिकामं सोडलं."

ते उठले, तो नकाशा पुन्हा काढला आन कलकत्त्याच्या ठिपक्यावर बटण दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत रविवारचा तो खाना पाचावरून घसरला आन साडेदहावर जाऊन थांबला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा वाजलेते.

"अगं बया!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. पेटीत पडलेली ती मेल सरांनी मला दाखवली, मी ती पुसून टाकली. वायर आधीच जोडलेली असती तर काय झालं असतं, ह्या विचारानं मला आज बी घाम फुटतो. खाली जाऊन ह्यांना गल्ल्यावरून हाताला धरून उठवलं, रिक्षा केली. सर बी रिक्षात बसले. म्हणले, "पाहुण्यांची माफी मला मागायची हाय." मी म्हणलं, "माफी राहू द्या, आधी चला, मिरच्या चिरा."

खरंच चिरल्या त्यांनी. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, एकसारख्या, बारीक. मी दुसरं उप्पीट घाटलं.

साडेदहाला दारात रिक्षा थांबली. मुलीचे वडील केदारनाथ, आई, आन मागून शिवांजली. मुलगी स्वतः घर बघायला आलेली मी पहिल्यांदाच बघितली. वडील म्हणले, "हट्टच धरला तिनं, मी येणार म्हणून." सर चपलांपाशी, दाराच्या कडेला उभे राहिले. बसा म्हणलं तरी बसेनात.

पोरगी माझ्याकडंच बघायलती. मग तिनं पर्समधून कागद काढला, लिहिलं आन माझ्यापुढं धरला. श्रीशैलना रोज मेल तुम्ही स्वतः लिहिता?

मी मान हलवली.

तिनं परत लिहिलं. माझ्याशी बोलता यावं म्हणून आमच्या घरी कुणीच काही शिकलं नाही. मला तुमच्या घरी यायचंय.

तिचे वडील शेजारीच होते, त्यांनी वाचलं आन मान खाली घातली. माझा तर बांधच फुटला. तिला मी जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मग पेन घेतलं आन खाली लिहिलं, मला ह्यांनी शिकवलं. दाराकडं बोट केलं.

शिवांजली उठली. सासऱ्याच्या न्हाई, माझ्या न्हाई, सगळ्यांच्या आधी जाऊन चपलांपाशी उभ्या असलेल्या आसाराम सरांच्या पाया पडली. सर मागं सरकायला लागले, हात जोडून म्हणायले, "अगं माय, मीच घोळ घातला, माझ्यामुळंच आज सगळं मोडायला आलतं." तिला कुठं ऐकू येतंय! ती वर बघून हसली, आन सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

ते काय म्हणले ते तिनं मला खुणेनं विचारलं, माझ्यापुढं कागद सरकवला. मी लिहिलं, आशीर्वाद दिला.