जगदेवची बारा भांडी

आसेगावात जगदेवबद्दल विचारलं, तर त्याच्या वांग्यांबद्दल कुणी आधी सांगणार नाही. वांगी तो उत्तम पिकवायचा. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे काही मंगरूळपीरच्या बाजारात न्यायचा ते इतरांच्या आधी संपायचं. पण लोक सांगतील ते त्याच्या हाताबद्दल. तोंड उघडायच्या आधी त्याचा हात उठायचा. वजनात खोट काढली म्हणून एका अडत्याच्या दोन दाढा त्याने पाडल्या होत्या. विहिरीवरची मोटर चालू होईना म्हणून ती पहारीने फोडली होती. बायकोच्या, रुख्मिणीच्या, डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, आणि ती कशी वाकडी झाली हे तिला कुणी विचारत नसे. अशा माणसाला गावात ‘मनाचा साफ’ म्हणतात. ज्यांनी मार खाल्ला त्यांना विचारून मग म्हणावं.

एका माणसावर मात्र त्याने कधी हात टाकला नव्हता. ती म्हणजे त्याची मुलगी वैभवी. ती बोलायला लागली की हा गडी खाली बसून ऐकायचा. पोरगी बारावीनंतर घरच्या जुन्या लॅपटॉपवर परदेशातल्या एका साबणवालीसाठी वेष्टनांची चित्रं काढून द्यायची. त्याचा मोबदला बँकेत न येता क्रिप्टोत यायचा, आणि तो तिच्या फोनमधल्या एका ॲपमध्ये, वॉलेटमध्ये, जमा व्हायचा. त्या जमेवर तिला अमरावतीला डिझाइन शिकायला जायचं होतं. बापाकडे हात पसरायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि बापाला त्याचा अभिमान होता.

“हे पैसे फोनात हायेत का?” जगदेवने एकदा विचारलं होतं.

“फोनात नाईत, बाबा. फोन म्हणजे नुसतं दार. किल्ली म्हणजे हे बारा शब्द.” तिने एक कागद दाखवला. बारा इंग्रजी शब्द, एकाखाली एक. “फोन गेला, जळाला, तरी नव्या फोनात हे शब्द याच नंबरानं टाकले की सारं परत येते. अन् हे दुसऱ्या कोणाच्या हाती लागले, तर तो सारं घेऊन जाते. ना बँक काही करू शकत, ना पोलीस.”

जगदेव त्या कागदाकडे बघत राहिला. कागदावर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या घरातले कागद उधईने खाल्ले होते, पुरात भिजले होते. त्याचा विश्वास होता भांड्यावर. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर आधी नाव टाकतात, आणि नाव टाकलेलं भांडं गावभर फिरलं तरी घरी येतं. कामरगावच्या बाजारात नावं टाकणारा एक जण बसतो. जगदेवने चार गंज, म्हणजे मोठी पातेली, दोन पराती, बादल्या, ताटं, अशी बारा भांडी जीपमध्ये घालून त्याच्याकडे नेली, आणि प्रत्येकावर आपल्या नावाखाली एक शब्द आणि त्याचा नंबर कोरून आणला. स्टीलला उधई लागत नाही. घरी आल्यावर त्याने तो कागद चुलीत घातला.

वैभवी चपापली. “बाबा, दोन जागी ठेवा लागते ना.”

“आता कायले कागद पायजे? हे शंभर वर्षं जात नाई.”

विचार अगदीच वेडगळ नव्हता. धातूवर कोरलेलं आगीतून, पाण्यातून वाचतं, हे तिनेही वाचलं होतं. भांडी पेटीत कुलूप लावून ठेवा, एवढं तिने बजावलं. फोनमधून शब्द पुन्हा एका कागदावर उतरवून ठेवू असं ती मनाशी म्हणत राहिली, आणि ते राहून गेलं.

मग शेजारच्या भागवतच्या मुलीचं लग्न निघालं. भागवतचं वावर जगदेवच्या वावराला लागून, घर दोन घरं सोडून. लग्नघरातून भांडी मागायला माणूस आला तर नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. रुख्मिणीने पेटी उघडली आणि बाराही भांडी देऊन टाकली. अख्ख्या पंगतीने त्या शब्दांवर वरण-भात खाल्ला आणि कुणाला काही कळलं नाही. परत आली ती अकरा. सात नंबरचा मोठा गंज, जाड बुडाचा, बुंदी भरलेली म्हणून भागवतच्या बायकोने, सीताबाईने, ठेवून घेतला होता. उद्या आणते म्हणाली. आणि त्या उद्याच्या आधी भागवतने नांगरताना दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, नांगराच्या एका तासाएवढा खाल्ला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

धुऱ्याची भांडणं आमच्याकडे बोलून मिटत नाहीत. तीन महिने शिव्या चालल्या. मग एका सकाळी धुऱ्यावर दोघे समोरासमोर आले, भागवतच्या हातात काठी, जगदेवच्या हातात फावडं. काठी जगदेवच्या खांद्यावर बसली, फावड्याच्या दांड्याने भागवतचा ओठ फाटला. दोघंही रक्ताने माखलेले, आणि कुणी मागे सरायला तयार नव्हतं. वैभवी धावत आली आणि भांडण थांबत नाही म्हटल्यावर पोलिसांना दाखवायला फोनवर व्हिडिओ काढू लागली.

भागवत थुंकून हसला. “पाय, तुही पोरगीच तुह्यावर केस करून राह्यली.”

एवढं पुरलं. जगदेव वळला, त्याने तिच्या हातातून फोन ओढला, दगडावर आपटला आणि फावड्याच्या पात्याने त्याचे तुकडे केले. एक घाव, दुसरा, तिसरा. मग त्याने वर पाहिलं.  वैभवी गुडघ्यांवर बसून ते तुकडे वेचत होती, आणि तेव्हा कुठे आपण काय फोडलं ते त्याच्या डोक्यात शिरलं. पोरीच्या अंगाला हात लावला नव्हता, पण तिच्या अमरावतीचं दार त्याने दगडावर ठेवून ठेचलं होतं.

दुसऱ्या दिवशी बापलेक मंगरूळपीरला गेले. जगदेवने नवा फोन घेऊन दिला. दुकानातल्या माणसाला वॉलेट परत आणायचं आहे असं कळलं तसा तो पुढे झुकला. “शब्द मले सांगा ताई, एका साइटवर टाकून देतो. दोन मिनिटांत होते.”

“जो शब्द मागते तो चोर असते,” वैभवी बापाकडे बघून हळूच म्हणाली.

जगदेवने काउंटरवरून हात घालून त्या माणसाची कॉलर धरली आणि अशी थोबाडीत मारली की तो मोबाइलच्या कव्हरांवर जाऊन पडला. त्या हाताने जन्मात मारलेल्यांपैकी ही एकच थोबाडीत योग्य गालावर बसली असेल. पण वैभवी त्याच्यावर खूश झाली नाही. येताना जीपमध्ये ती त्याच्याशेजारी न बसता मागे जाऊन बसली, आणि ते त्याला खांद्यावरच्या काठीपेक्षा जास्त लागलं.

घरी आल्यावर तिने खरं ॲप घेतलं, ‘जुनं वॉलेट परत आणा’ यावर बोट ठेवलं, आणि रुख्मिणीने भांडी ओट्यावर ओळीने मांडली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. रुख्मिणीचा हात थांबला.

“सातवा गंज सीताबाईकडे हाय,” ती म्हणाली. “मले जाऊ द्या. बाई बाईले देते.”

“तू नाई जात,” जगदेव म्हणाला.

“बाबा, थांबा,” वैभवी म्हणाली. “अकरा शब्द हायेत, अन् कोणता नाई ते माहीत हाय. मले थोडा वेळ द्या. मी...”

पण जगदेवला थांबणं कधी जमलंच नव्हतं. आपण मोडलं ते आपल्याच हाताने जोडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो रस्त्यावर होता. हातात काही घेतलं नव्हतं. नुसता मागायलाच निघालो, असं तो नंतर पोलिसांना सांगत राहिला, आणि ते खरंही असेल.

भागवतच्या अंगणात म्हैस बांधली होती आणि तिच्यासमोर तोच गंज, त्यात भिजवलेली सरकीची ढेप. भांड्यावर आपलं नाव दुरून वाचता येत होतं. आपल्या बापाने कष्टाने घेतलेलं, पोरीचं सगळं ज्यावर कोरलं ते भांडं, म्हशीच्या तोंडाखाली.

“माहा गंज दे,” जगदेव म्हणाला.

भागवत ओट्यावर बसला होता, ओठाला टाके. “आधी धुऱ्याचं बोल.”

जगदेवने गंज उचलला. ढेप अंगणात सांडली. भागवत उठला आणि त्याने गंजाचा काठ धरला. दोन वयस्क माणसं एका पातेल्यासाठी लहान पोरांसारखी ओढाताण करत होती. मग भागवतचा हात सुटला आणि जगदेवने दोन्ही हातांनी गंज वर नेऊन त्याच्या डोक्यात घातला. जाड बूड कानाच्या वर बसलं. भागवत ओट्याच्या पायरीवर पडला. तो पडल्यावर थांबता आलं असतं. जगदेवने आणखी दोनदा मारलं, आणि दुसऱ्या वेळी जो आवाज आला तो भांड्याचा नव्हता. सीताबाई घरातून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आली आणि तिने त्याच्या उजव्या हातावर घातला. बोटं मोडली. तरी त्याने गंज सोडला नाही. डाव्या हाताने छातीशी धरून तो घराकडे निघाला, आणि त्याच्या मागे रस्त्यावर भागवतचं आणि त्याचं रक्त एकत्र सांडत गेलं.

वैभवी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. त्याने गंज तिच्यापुढे ठेवला. ‘सात’ आणि त्यापुढचा शब्द रक्ताखाली नीट दिसत होता.

“घे,” तो म्हणाला. “आणला.”

तिने गंजाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. नवा फोन तिने त्याच्यापुढे धरला. वॉलेट उघडलेलं होतं.

“अकरा असले की बारावा शोधता येते, बाबा. शब्दांची यादी ठरलेली असते. इंटरनेट बंद करून लॅपटॉपवर एकेक शब्द सातव्या जागी लावून पाह्यचा, वॉलेटचा जुना पत्ता जुळला की तोच शब्द. तेच सांगून राह्यली होती.” तिने गंजाकडे बोट केलं. “कोणाचं रक्त हाय हे?”

 तो तिथेच मातीत बसला. पोलिसांची जीप येईपर्यंत वैभवीने सारी जमा नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये हलवली, कारण जुने शब्द आता गावाने पाहिले होते आणि सातवा पंचनाम्यात लिहिला जाणार होता. पोलिसांनी गंज जप्त केला.

भागवत जगला. एक डोळा गेला आणि डावी बाजू ओढायला लागली. अकोल्याच्या दवाखान्यात त्याच्या ऑपरेशनचे पैसे वैभवीने वॉलेटमधून भरले. ती रोज बसने जायची, सीताबाईबरोबर बाकावर बसायची. पहिले कित्येक दिवस सीताबाई तिच्याकडे बघतही नव्हती. अमरावतीचं त्या वर्षी राहिलं ते राहिलंच. ती पुन्हा रात्रंदिवस साबणवालीची चित्रं काढू लागली.

पुढच्या वर्षी जगदेव जामिनावर सुटून आला तेव्हा ती अमरावतीला निघायच्या तयारीत होती. भागवतच्या घराकडे आणि धुऱ्याकडे पाऊल टाकायचं नाही, अशी कोर्टाची अट होती. त्याच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नव्हती. ओट्यावर बसून तो तिची बॅग भरताना बघत होता. वाशिमच्या जेलात त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवली होती.

“ते नवे शब्द,” त्याने शेवटी विचारलं. “पक्क्या जागी ठेवले ना?”

“दोन जागी. एक कागद मी नेऊन राह्यली. तेच शब्द पत्र्यावर ठोकून, डब्यात सील करून ठेवले. वरून एक जादा शब्द लावला हाय, तो मलेच माहीत. डबा कोणी फोडला तरी त्याच्या हाती काही लागत नाई.”

“मग तो डबा घरातल्या पेटीत ठेव. मी हाय ना राखाले.”

वैभवीने बॅगेची चेन ओढली. “डबा सीताकाकूकडे हाय.”

त्याला आधी वाटलं, ती थट्टा करते आहे. “भागवतच्या घरात?”

“हो.”

“काहून?”

ती त्याच्यासमोर येऊन बसली, लहानपणी काही समजावून सांगायला बसायची तशी. रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“या गावात ते एकच घर हाय, बाबा, जिथं तुमी जाऊ शकत नाई.”

रुख्मिणी दारात उभी होती. तिने मान दुसरीकडे फिरवली. जगदेवने आपल्या न वळणाऱ्या बोटांकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, “अन् तिनं ठेवून घेतला?”

“घेतला. म्हणे, आण पोरी, तुह्या बापापासून जे वाचवायचं हाय ते सारं इथं आणून ठेव.”

कारंजाकडे जाणारी एसटी फाट्यावर थांबायची वेळ झाली होती. वैभवी त्याच्या पाया पडली, आणि डोक्यावर ठेवायला त्याने हात उचलला तेव्हा तिची मान कळत नकळत एवढीशी मागे सरली. त्याने हात तिथूनच परत घेतला.